गाडीत ऐकायची पुस्तके : नागपूर ते वेरूळ आणि परत

निघण्यापूर्वी

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी, नवरा, सासरे आणि अकरा वर्षांचा मुलगा असे चौघे मोटारीने लोणार आणि वेरूळ पाहायला निघणार हे ठरले, तेव्हा मुक्कामाच्या आरक्षणाची जबाबदारी नवऱ्याने घेतली आणि वाटेत काय ऐकायचे ते ठरवण्याची जबाबदारी मी मागून घेतली. पाच दिवसांत हजार किलोमीटरच्या आसपास रस्ता होता आणि गाडी आम्ही दोघे आलटून पालटून चालवणार होतो. गेली काही वर्षे मी मराठी ऑडिओबुक्स नियमित ऐकते, परंतु ती स्वयंपाक करताना किंवा सकाळी फुटाळा तलावाच्या बाजूने चालताना, म्हणजे एकटीने. चार वेगवेगळ्या वयांच्या माणसांनी, त्यांपैकी एकाच्या हातात गाडी असताना, एकच पुस्तक ऐकणे ही निराळी गोष्ट आहे आणि तिची तयारी टायरमधली हवा तपासण्याइतकीच मनावर घेतली पाहिजे, असे मला वाटत होते.

ऐकण्याच्या पुस्तकांचे मोटारीशी जुने नाते आहे. अंधांसाठी बोलकी पुस्तके अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये १९३०च्या दशकातच तयार होऊ लागली होती, पण ती घरी बसून ऐकण्याची होती. १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये नौकानयनाचे सुवर्णपदक मिळवलेले ड्यूव्हॉल हेक्ट पुढे रोज न्यूपोर्ट बीच ते लॉस एंजेलिस असा प्रवास मोटारीने करीत, त्याला कंटाळत, आणि त्या कंटाळ्यातूनच त्यांनी १९७५ साली संपूर्ण पुस्तके कॅसेटवर भाड्याने देणारी ‘बुक्स ऑन टेप’ ही कंपनी सुरू केली. आपल्याकडे हे उशिरा आले. ऑडिओबुक्स ऐकवणाऱ्या स्टोरीटेल या कंपनीने २०१७ साली भारतात सेवा सुरू केली तेव्हा पहिल्या भाषांमध्ये मराठी होती, आणि त्यानंतरच माझ्यासारख्या सामान्य वाचकाला निवड करता येईल इतकी मराठी पुस्तके कानांसाठी मिळू लागली.

निवड मात्र यादी पाहून करता येत नाही, हे मला निघण्याच्या आदल्या रविवारीच उमजले. घरी शांत खोलीत मला फार आवडलेले तीन आवाज मी बाह्य रिंग रोडवर, खिडक्या बंद करून आणि पंखा मध्यम गतीवर ठेवून, चालत्या गाडीत ऐकून पाहिले. पहिला आवाज खर्जातला, भारदस्त होता. चाकांच्या घरघरीत तो निम्मा बुडाला आणि आवाज वाढवला तरी शब्द सुटे होईनात. दुसऱ्या निवेदकाला वाक्याच्या शेवटी आवाज खाली सोडण्याची सवय होती, आणि मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने कोणी काय केले हेच ऐकू येईना. तिसरी एक मध्यम पट्टीतली, प्रत्येक अक्षर दातांनी तोडून उच्चारणारी स्त्री होती. घरी ती मला किंचित कोरडी वाटली होती. रिंग रोडवर तिचा शब्दन्‌शब्द कळला. बाबांचे, म्हणजे सासऱ्यांचे, वय चौऱ्याहत्तर असून त्यांना अलीकडे व्यंजने नीट ऐकू येत नाहीत, म्हणून मागच्या आसनावर त्यांनाच बसवून ही परीक्षा घेतली आणि त्यांनी मान हलवली ते पुस्तक घेतले.

आणखी एक हिशेब मी घड्याळ लावून केला. हाताशी असलेल्या छापील प्रतीच्या एका पानाला ध्वनिमुद्रणात सव्वादोन ते अडीच मिनिटे लागत होती. म्हणजे दोनशे पानांचे पुस्तक आठ तासांच्या घरात जाते. आमचे प्रत्यक्ष ऐकणे दिवसाला तीन तासांच्या वर जाणार नव्हते. सहाशे पानांची कादंबरी त्यामुळे आपोआपच बाद झाली.

दिवस पहिला : नागपूर ते लोणार

सकाळी सात वाजता हिंगण्यावरून शिवमडक्याला पोहोचलो आणि समृद्धी महामार्गाला लागलो. ७०१ किलोमीटरच्या या महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा, दुचाकींना बंदी, वाटेत गाव नाही, वळण क्वचित. ज्यांनी हा रस्ता एकट्याने केला आहे त्यांना ठाऊक असेल की तासाभरात डोळे उघडे असूनही माणूस आतून पेंगू लागतो. अशा रस्त्यावर जागे ठेवणारे पुस्तक हवे, या विचाराने मी एका खुनाच्या तपासाची, भरपूर कलाटण्यांची रहस्यकथा निवडली होती.

वर्धा मागे पडेपर्यंत सर्व ठीक होते. कारंज्याच्या पुढे गाडी माझ्याकडे आली. कथेतला तपास त्या वेळी अगदी टोकाला आला होता, मुलगा दोन आसनांच्या मधून पुढे वाकला होता, नवराही गप्प होता, आणि मालेगाव गेल्यानंतर मेहकरचा उतार, म्हणजे महामार्गावरून खाली उतरण्याचा रस्ता, डाव्या हाताला येऊन निघून गेला तरी गाडीतल्या चौघांपैकी एकालाही तो दिसला नाही. निळ्या पाट्या दोन किलोमीटर आधीपासून लागलेल्या होत्या. मी त्या पाहिल्याही असणार, कारण माझी नजर रस्त्यावरून हलली नव्हती. त्या मनापर्यंत पोहोचल्या नाहीत. अशा महामार्गावर मागे वळता येत नाही. पुढचा उतार येईपर्यंत जाऊन, खालच्या रस्त्याने परत येऊन लोणार गाठण्यात तास गेला, पण मला त्या तासाचे दुःख नव्हते. पाटीच्या जागी उभा ट्रक असता तर, हा विचार मनातून जाईना.

बाबांनी बत्तीस वर्षे एसटी चालवली. ते उतार चुकल्यावर काही बोलले नाहीत. संध्याकाळी लोणारच्या विवराच्या काठावर उभे असताना म्हणाले, “सूनबाई, गाडी चालवणाऱ्याच्या कानात अर्धीच गोष्ट गेली पायजे. पुरी गेली का रस्ता हातचा जाते.” त्यांच्या काळात गाडीत रेडिओ नव्हता, पण केबिनजवळच्या बाकावर बसून गोष्टी सांगणारे प्रवासी रोज असत, आणि रात्रीच्या फेरीला अशा माणसाचा त्यांना आधार वाटे. “पन घाटात मी त्याले म्हनत जाओ, भाऊ, जरा थांब.” 

पाऊणेदोन किलोमीटरहून अधिक व्यासाचे ते विवर, तळाशी हिरवट खारे पाणी, आणि कडेच्या झाडीतून उडणारे मोर पाहत असताना माझ्या डोक्यात हेच वाक्य फिरत होते. गाडीतले पुस्तक निवडण्याची माझी कसोटीच उलटी होती. सोडवत नाही ते पुस्तक चांगले, ही घरच्या खुर्चीतली कसोटी झाली. गाडीत असे पुस्तक हवे की चार वाक्ये निसटली तरी पाचव्या वाक्याला पुन्हा हात धरता यावा, आणि चालवणाऱ्याने कोणत्याही क्षणी ते मनातून खाली ठेवले तरी त्याला चुटपुट लागू नये. रहस्यकथेत निसटलेल्या चार वाक्यांतच नेमका पुरावा असतो, म्हणून चालवणारा ती निसटू देत नाही.

रहस्यकथेचा शेवट त्या रात्री खोलीत सर्वांनी मिळून ऐकला. तिची जागा तीच होती.

दिवस दुसरा : लोणार ते वेरूळ

आज जुन्याच रस्त्याने, सुलतानपूर, बिबी, सिंदखेडराजा, जालना असे जायचे होते. मुलाच्या आग्रहावरून सकाळी शिवकाळावरचे एक नाट्यरूपांतर लावले. प्रत्येक पात्राला निराळा कलाकार, तलवारींचे आवाज, टापा, नगारे, सर्व काही त्यात होते. मुलगा खूश होता, परंतु अर्ध्या तासात तीन वेळा आवाज कमी आणि चार वेळा जास्त करावा लागला, कारण कुजबुज ऐकू यावी म्हणून आवाज वाढवला की लगेच नगारा कानठळ्या बसवी. एकदा तर ध्वनिमुद्रणातल्या शिंगाचा आवाज ऐकून नवऱ्याने मागून ट्रक आला असे समजून गाडी डावीकडे दाबली. नाट्यरूपांतरांबद्दल मला आदर आहे. ती करणारे लोक जीव ओतून काम करतात. पण त्यातले आवाज आणि रस्त्यावरचे आवाज एकमेकांत मिसळू लागले तर ती गाडीत ऐकू नयेत, असे माझे स्पष्ट मत झाले.

सिंदखेडराजाला लखुजी जाधवांचा वाडा पाहिला. १५९८ साली जिजाबाईंचा जन्म इथला. बाहेर चहा घेताना मी दुसरे पुस्तक काढले, रिंग रोडवरच्या परीक्षेत बाबांनी मान हलवली होती ते : विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’.

या पुस्तकाची थोडी हकिगत सांगितली पाहिजे, कारण पुढचे तीन दिवस तेच आमचा सोबती झाले. गोडसे भटजी कोकणातल्या वरसईचे गरीब भिक्षुक. घरावर कर्ज होते, आणि बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, तिथे दक्षिणा मिळेल, अशा आशेने ते १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि थेट बंडाच्या धुमाळीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. सारे गमावून ते घरी परतले, ते आईवडिलांसाठी खांद्यावरून गंगेची कावड घेऊन. पुष्कळ वर्षांनी चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून त्यांनी हे सारे लिहून काढले आणि ते १९०७ साली छापले गेले.

जालन्यापर्यंतच्या वाटेत हे पुस्तक गाडीला का मानवते ते कळत गेले. ते मुळातच एका माणसाने दुसऱ्यांना सांगितलेले आहे. ‘नंतर आम्ही निघालो, अमक्या गावी मुक्काम केला, तिथे असे झाले’, ही त्याची चाल रस्त्याच्या चालीशी जुळते. प्रत्येक मुक्काम आपल्यापुरता पुरा असतो. मध्येच बैलगाडी आडवी आली, ऊस भरलेला ट्रॅक्टर पुढे घालावा लागला, चालवणाऱ्याचे लक्ष दोन मिनिटे गेले, तरी भटजी पुढच्या मुक्कामाला भेटतातच. एकच निवेदक असल्याने आवाजाची पातळी सारखी राहते. भाषा जुनी असली तरी वाक्ये चालती आहेत. मुलगा आधी नाराज होता, महूच्या वाटेवर शिपायांनी येऊ घातलेल्या गदराची खबर सांगितली तिथे त्याने खिडकीकडचे तोंड आत वळवले आणि “आबाजी, गदर म्हणजे काय?” असे विचारले. आम्ही पुस्तक थांबवले. आबाजींनी, म्हणजे बाबांनी, सांगितले. पुस्तक थांबवण्याचे काम, हे आम्ही आदल्या दिवशीच ठरवले होते, शेजारी बसणाऱ्याचे. चालवणाऱ्याने मोबाइलला हात लावायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातही चालवताना हातात फोन वापरणे धोकादायक वाहन चालवण्यात गणले जाते, परंतु आमच्या घरात बाबांचा नियम त्याहून कडक आहे.

संभाजीनगरच्या वाहतुकीत पुस्तक बंद केले आणि अंधार पडता पडता वेरूळला पोहोचलो.

दिवस तिसरा : वेरूळ

दिवसभर लेणी पाहिली, गाडी जागची हलली नाही. कैलास लेण्याबद्दल इथे लिहीत नाही. त्यासाठी वेगळी लेखणी हवी. संध्याकाळी मात्र मी परतीच्या यादीत एक बदल केला. जाताना लक्षात आले होते की दुपारच्या जेवणानंतरचा पहिला तास सर्वांत अवघड असतो. त्या तासाला दहा-पंधरा मिनिटांचे सुटे ललित लेख किंवा लघुकथा लावाव्यात, म्हणजे लेख संपला की चौघे दोन शब्द बोलतात आणि त्या बोलण्यानेच चालवणारा जागा राहतो. सर्व पुस्तके मोबाइलमध्ये पूर्ण उतरली आहेत ना, हेही पुन्हा तपासले, कारण एका पुस्तकाची फक्त पहिली चार प्रकरणे उतरलेली निघाली. खोलीत नेटवर्क होते म्हणून निभावले. चिखलीच्या पुढे शेतांमध्ये ते समजले असते तर उपाय नव्हता.

दिवस चौथा : वेरूळ ते अमरावती

साडेतीनशे किलोमीटरहून मोठा पल्ला. जालना, देऊळगाव राजा, चिखली, खामगाव, अकोला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर फुलली होती आणि वेचणीला आलेला कापूस बोंडांतून लोंबत होता. आपल्याच मुलखातून जात आहोत तर वऱ्हाडातल्या एका शेतकरी घराची कादंबरी ऐकू, असे मी मोठ्या हौसेने ठरवले होते. छापील कादंबरी मी दोनदा वाचलेली होती आणि ती मला फार प्रिय आहे.

निवेदकाचा आवाज उत्तम होता. कथन चालू होते तोवर सर्व रमले. संवाद सुरू झाले आणि बाबा अस्वस्थ झाले. वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. लेखकाने ‘डोया’ असे लिहिलेले, ते निवेदकाने कधी ‘डोळा’ असे दुरुस्त करून वाचले, तर कधी ‘डो-या’ असे तोडून. ‘करून राह्यला’ हे आमच्याकडे एका श्वासात, जवळजवळ एकच शब्द असल्यासारखे येते. ते त्याने प्रत्येक अक्षरावर हेल काढून, नाटकातल्या गावंढळ पात्रासारखे म्हटले. ज्या प्रसंगात घरातली बाई उपाशी निजलेल्या लेकराकडे पाहून बोलते, त्या प्रसंगात तो हेल ऐकवेना. “आमच्या आर्वीकडं असं कोनी बोलत नाही,” बाबा म्हणाले, “हा आपल्याले हसून राह्यला का?” निवेदक हसत नव्हता, त्याला ती बोली कोणी ऐकवलीच नव्हती, हे मी त्यांना समजावले; पण त्यांच्या आवाजात जे दुखणे होते ते खरे होते. बोलीतले पुस्तक त्या बोलीच्या माणसाकडून वाचून घ्यावे, निदान ध्वनिमुद्रणापूर्वी दोन दिवस त्या माणसाच्या शेजारी बसावे, ही अपेक्षा मी प्रकाशकाला लिहून कळवणार आहे. विदर्भात चांगले वाचणारे गळे कमी नाहीत.

कादंबरी बंद झाली आणि बाबांनी प्रथमच स्वतःहून मागणी केली. शेगाव जवळ आले होते, त्यांनी ‘गजानन विजय’ लावायला सांगितले. दासगणूंच्या या पोथीचे एकवीस अध्याय आमच्या घरी दरवर्षी वाचले जातात. मी ओवीला तयार नव्हते. झोप येईल अशी भीती होती. झाले उलटे. बाबांना ओवी पाठ, ते पुढचा चरण आधीच म्हणत. मुलगा त्यांच्या मागोमाग म्हणू लागला. आणि नवरा सांगतो की खामगाव ते बाळापूर हा त्याचा सर्वांत सावध प्रवास झाला. माहीत असलेले पुस्तक चालवणाऱ्याचे लक्ष खेचून घेत नाही, पण त्याला एकटेही पाडत नाही. पोथी, पारायण, कीर्तन हे सारे ऐकण्याचेच ग्रंथ असताना मी नव्या पुस्तकांच्याच मागे का लागले होते, हे मी स्वतःला अकोला येईपर्यंत विचारत होते.

अकोला ते अमरावती गोडसे भटजी झाशीच्या वेढ्यात होते. गाडी नवऱ्याकडे होती. तोफांच्या वर्णनाला मी त्याच्याकडे पाहिले आणि त्याची नजर आरशाकडे, मग रस्त्याकडे नेमाने जात आहे हे पाहून निश्चिंत झाले.

दिवस पाचवा : अमरावती, रिद्धपूर, नागपूर

सकाळी वाट वाकडी करून रिद्धपूरला गेलो. या भेटीसाठी मी नागपुरातच एक तयारी केली होती. म्हाइंभटांनी १२७८ च्या सुमारास इथेच ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, आणि मराठी गद्याचा तो आद्य ग्रंथ तयार झाला तो ऐकून : चक्रधरस्वामींच्या सहवासातल्या माणसांकडे जाऊन, ज्याला जे आठवते ते विचारून. लोणार, मेहकर, वेरूळ, पैठण, आम्ही फिरलो त्या परिसरातली कितीतरी गावे त्या लीळांमध्ये आहेत. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले वि. भि. कोलते यांनी संपादलेली प्रत माझ्याकडे आहे. तिच्यातल्या अकरा लीळा मी माझ्याच आवाजात, खिडकीला गोधड्या लावून आणि पंखा बंद करून, मोबाइलवर मुद्रित केल्या होत्या. आधी मूळ लीळा आणि मग आजच्या मराठीत तिचा भावार्थ. सातव्या लीळेत शेजारच्या घरातल्या कुकरची शिटी आली आहे, ती मी तशीच राहू दिली.

रिद्धपूरच्या अरुंद रस्त्यावर, ताशी तीस-चाळीसच्या वेगात, संत्र्याच्या बागांमधून जाताना त्या लीळा लावल्या. तेराव्या शतकातली मराठी समृद्धीवर कोणालाही कळली नसती. इथे कळली. एक लीळा म्हणजे दोन-तीन मिनिटे. ती संपली की शांतता, मग पुढची. बाबा म्हणाले, “हे तं आपल्यासारखंच बोलून राह्यले.” त्यांनी मला चौथी लीळा पुन्हा लावायला सांगितली, आणि मी वाचताना एक शब्द चुकले होते तो दुरुस्त करून सांगितला, आर्वीकडे म्हाताऱ्या बायका तो अजून वापरतात म्हणे. घरी आल्यावर ती लीळा मी पुन्हा मुद्रित केली.

तिथून मोझरी, तळेगाव, कारंजा घाडगे, कोंढाळी अशी ओळखीची वाट. भटजींची कावड खांद्यावर चढली होती आणि ते घराकडे निघाले होते. बाजारगावच्या अलीकडे ट्रकांची रांग लागली, वाडीची वर्दळ पुढे होतीच, म्हणून मी पुस्तक थांबवले. एक तास चाळीस मिनिटे शिल्लक होती. मुलाने ते घरी गेल्यावर रात्रीच संपवू म्हटले. बाबांनी नाही म्हटले. संक्रांतीला आम्हाला आर्वीला जायचेच आहे, तो रस्ता दोन तासांचा आहे, आणि गाडी या वेळी सावळापूरपर्यंत मी चालवणार आहे. तोवर कोणीही ते एकट्याने ऐकायचे नाही असे ठरले, आणि मुलाने मोबाइल माझ्या हातात परत दिला.